मन्मथअप्पा कूलरवाले

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मन्मथअप्पा आधी खिशातून उदबत्ती काढायचे. चपला बाहेर, अवजारांची पिशवी उंबऱ्याशी, आणि अप्पा घराच्या मधोमध पेटलेली उदबत्ती धरून उभे. नवख्या माणसाला वाटायचं, हे आता आरती म्हणणार. आमच्या गल्लीत नव्यानं आलेल्या एका सुनेनं तर त्यांना बघून डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले होते. अप्पांचं लक्ष मात्र धुराकडे असायचं. धूर कुठं वळतो, कुठं घुटमळतो, कुठं सरळ छताला जाऊन बसतो, हे बघायचं आणि मग घरमालकाला त्याच्या घराचं दुखणं सांगायचं. मालकानं बिचाऱ्यानं त्यांना फक्त कूलरचं गवत बदलायला बोलावलेलं असायचं.

आमच्या नांदूरघाटात उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात पाण्याच्या मोटारी आणि हिवाळ्यात मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आमच्यासारखेच लिंगायत. सकाळी कपाळावर ओढलेले विभूतीचे पट्टे दुपारपर्यंत घामानं पुसून जायचे. अंगानं किडकिडीत, आणि एका जागी पाच मिनिटं बसतील तर शपथ. चहासुद्धा उभ्यानं, तोही खिडकीपाशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मलाही स्वस्थ बसणं ठाऊक नाही; घरात सगळे मला भिंगरी म्हणतात. पण अप्पा आले की मला वाटायचं, बाई गं, जरा टेकून बस, या माणसाला बघूनच दमायला होतंय.

आमची पहिली गाठ पडली ती भांडणानंच. एप्रिलचे दिवस होते. आमच्या घरी नवा कूलर आला होता, आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. दाराखालच्या फटीत टॉवेलसुद्धा कोंबला होता. दोन दिवसांत मिठाला पाणी सुटलं, पापड वातड झाले, चादरी ओलसर लागायला लागल्या आणि सासूबाईंचे गुडघे धरले. ह्यांनी निकाल दिला की कूलरच खराब आहे, परत करायचा. अप्पांना बोलावलं. त्यांनी उदबत्ती पेटवली, धूर जागच्या जागी उभा. मग त्यांनी स्वयंपाकघराकडची खिडकी वीतभर उघडली. धूर लगेच तिकडं वळला आणि बाहेर गेला.

मी म्हटलं, वीज जाळून गार केलेली हवा तुम्ही खुशाल बाहेर सोडता? त्यावर ते म्हणाले, "हवा पावन्यावानी हाय, बाई. म्होरून आत घेतली तर मागून जायाला वाट ठेवा. न्हाईतर तितंच बसून ऱ्हाती आन समद्याला घाम काढती."

अर्ध्या तासात अंगावरचा घाम वाळला. मी कबूल केलं नाही. माझा स्वभावच मेला तसा, चूक कळते लवकर आणि तोंडातून निघते उशिरा.

पुढच्या वर्षी ह्यांच्या डोक्यात एसीचं भूत शिरलं. दुसरा कुणी कारागीर असता तर त्यानं आनंदानं एसी बसवून दिला असता. अप्पांनी ह्यांना गच्चीवर नेलं, तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभं केलं आणि विचारलं, ही चूल वर पेटवून ठेवली आणि खाली गार करायला निघालात का? त्यांनी गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायला लावले आणि आम्हाला एक मंत्र दिला. "दुपारी कोंडा, सांजंला सोडा." सकाळी ऊन चढलं की उन्हाकडच्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, दिवस कलला की समोरासमोरच्या सगळ्या उघडायच्या, म्हणजे दिवसभराची धग निघून जाते. एवढ्यावर आमचा उन्हाळा निभावला. विजेचं बिल बघून ह्यांनी अप्पांना पेढे दिले. अप्पांनी एक खाल्ला आणि उरलेले हातात घेऊनच स्वयंपाकघरात शिरले, कारण फोडणीचा ठसका ओसरीपर्यंत आला होता. ओट्याच्या वरच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा म्हणून ते माझ्या मागं लागले आणि बसवूनच गेले.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांच्या बायकोनं, शांताकाकूनं, मला सांगितलं होतं. अप्पांचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं. चुलीच्या वर छपराला एक भोक असायचं, त्याला आमच्याकडे साणं म्हणतात. तिथून उजेड यायचा आणि धूर जायचा. पुढं स्लॅब पडला. गावात मान वाढला, पण स्लॅबला साणं ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अप्पांची आई त्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं फुंकणी फुंकत राहिली आणि खोकून खोकून गेली. ती गेल्यावर अप्पांनी हातोडा घेऊन त्या भिंतीला खिडकी पाडली. तेव्हापासून बंद खोली दिसली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

आणि गप्प बसतील तर अप्पा कसले. लग्नाला गेले की वधूवरांवर अक्षता पडायच्या आधी त्यांनी मंगल कार्यालयाच्या खिडक्या उघडलेल्या असायच्या. आमच्या शाळेत पंखा दुरुस्त करायला आले आणि झरोक्यांना लावलेले पुठ्ठे काढून गेले. आठवड्यात वर्गात चिमण्या. मुलं खूश, हेडमास्तर लाल. पाटोद्याच्या एका बियाणे-खतवाल्यानं मोठा बंगला बांधला होता, सगळीकडे न उघडणाऱ्या काचा, खाली चकचकीत फरशी. वास्तुशांतीच्या जेवणात अप्पा त्याला चारचौघांत म्हणाले, "शेट, बरणी लई झ्याक बांधली. झाकन तेवढं उघडं ठेवा, न्हाईतर तुमचं लोणचं व्हईल." तो शेठ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला आला. घरातल्या सगळ्यांची डोकी धरत होती.

इथपर्यंत सांगायला मला बरं वाटतं. पुढचं सांगताना माझं मन एका जागी बसत नाही, तरी सांगितलंच पाहिजे.

माझी लेक सुवर्णा कड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आली. ऐन थंडीत मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, याचा केवढा धाक. मागच्या खोलीचा झरोका विटा आणि चिखल लावून बंद केला, खिडकीला गोधडी, दाराला घोंगडी. आत बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी, शेजारी ओव्याची धुरी. सासूबाईंनी सांगितलं हे खरं, पण झरोक्यातल्या विटा मी स्वतः लावल्या. पाचवीच्या वर्गाला हवेतले वायू शिकवणारी मी, माझ्याच हातानं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पाचवी पुजून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आमचा दुरुस्त केलेला मिक्सर द्यायला आले. डिंकाच्या लाडवांचं वाटण राहिलं होतं. ओसरीत मिक्सर ठेवला आणि नाक वर करून उभे राहिले. आत शेगडी आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. झरोका उघडा आहे का? मी नाही म्हटलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नाही, म्हणून ते घोंगडीच्या बाहेरूनच सुवर्णाला हाक मारत राहिले. तिसऱ्या हाकेला ती कशीबशी म्हणाली, डोकं लई दुखतंय. बाळाचा आवाजच नव्हता.

"कावून कोंडलंय लेकरांना?" अप्पा मला म्हणाले. "दार उघडा, बाई."

सासूबाई आडव्या आल्या. मीही म्हटलं, अप्पा, हे बायकांचं काम आहे, तुम्ही तुमचं मिक्सरचं बघा. अप्पांनी पिशवीतून हातोडा काढला. मागच्या बोळात गेले, भिंतीला शिडी लावली आणि बाहेरून हातोड्यानं झरोका फोडला. विटांचे तुकडे बाजेच्या पायथ्याशी पडले. मी धावत मागं गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. अक्कल गहाण टाकली का, लेकरू मारता का, लाज वाटत नाही का. ते शिडीवरूनच म्हणाले, "मला मागनं शिव्या द्या. आधी त्या दोघींना भायेर आना."

मी आत गेले. सुवर्णाला उभं राहता येईना. ओसरीत आणेपर्यंत तिनं दोनदा ओकारी केली. बाळ माझ्या हातात कापसासारखं सैल होतं. अप्पांनीच समोरच्याची जीप आणली. केजच्या दवाखान्यात दोघींना नळीनं ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत कोळसे होते का? मग म्हणाले, बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. तिसऱ्या दिवशी दोघी सुखरूप घरी आल्या. अप्पांचे पाय धरून पूजा करावी एवढं मोठं काम होतं ते.

आणि मी काय केलं? बघायला आलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं की त्या कूलरवाल्यानं भिंत फोडली, थंडीचं वारं आत शिरलं, बाळंतीण पोरीला दवाखान्यात न्यावं लागलं. मी चहाचा ट्रे घेऊन तिथं उभी होते. तोंडाला कुलूप. मला भीती होती ती कड्याच्या मंडळींची. आम्ही आमच्या हातानं त्यांची सून आणि नात मारत होतो, हे त्यांच्या कानावर गेलं तर पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. पहिलीच वेळ, त्यात मुलगी झालेली. मी सुवर्णालाही बजावलं, सासरी एक अक्षर बोलायचं नाही.

गावात बातमी पसरते ती दवंडीनं नाही, बायकांच्या पाणवठ्यावरून. मार्च उजाडला तरी कूलरचं गवत बदलायला अप्पांना कुणी बोलावेना. लोक केजहून माणूस आणायचे. बाळंतिणीच्या अंगावर वारं घालणारा माणूस, अशी त्यांची ओळख झाली. मला राहवेना. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, अप्पा, मी सगळ्यांना खरं सांगते. त्यांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या, बाई. पोरगी सासरी सुखानं नांदू द्या. कूलरवाल्याचं नाव ते काय आन गेलं ते काय. फकस्त येवढं करा, दुसऱ्याच्या घरी असली खोली दिसली तर तुमी गप बसू नका."

मी शब्द दिला. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी गप्प राहायची परवानगी दिल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

पुढच्याच थंडीत शाळेच्या खिडकीत अप्पा दिसले. धापा टाकत होते. मागल्या गल्लीतल्या रुक्मिणीची बाळंतपणाची खोली बंद केली होती आणि आत शेगडी होती. अप्पा सांगायला गेले तर तिच्या सासूनं त्यांना उंबऱ्याला शिवू दिलं नाही. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, माझं ऐकतील, म्हणून मला न्यायला आले होते. मी म्हटलं, एवढा तास संपू दे. तास कसला, मुलं पाढे म्हणत होती, शेजारच्या वर्गातल्या बाईंवर वर्ग सोपवता आला असता. मी खिडकीकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले. तिथं जाऊन काय बोलायचं, स्वतःचं न सांगता कसं पटवायचं, याची मी जुळवाजुळव करत होते. अप्पा बाहेर लिंबाखाली येरझाऱ्या घालत होते.

आम्ही पोचलो तेव्हा घरात रडारड चालली होती. रुक्मिणी पाणी प्यायला उठली, तिला भोवळ आली आणि ती शेगडीवर पडली. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. बाळ बाजेवर होतं, ते सुखरूप. मी दारं-खिडक्या उघडायला लावल्या, तिला दवाखान्यात धाडलं, आणि जमलेल्या बायकांना शाळेतल्या आवाजात सांगितलं की बंद खोलीत निखारे ठेवू नयेत, विषारी वायू होतो. रुक्मिणीची सासू डोळे पुसत म्हणाली, पण बाई, तुमच्या घरी तर वारं लागूनच झालं होतं ना?

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अप्पा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. मी म्हटलं, "त्याचं वेगळं होतं." एवढंच. अप्पांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

त्यानंतर ते मला टाळत होते असं नाही. रस्त्यात भेटले की हात जोडून शरणार्थ म्हणायचे, सुवर्णाची, नातीची चौकशी करायचे. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते. रुक्मिणी शिवणकाम करायची. आता डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत, तरी ती कापड कोपरानं दाबून मशीन चालवते. मी ब्लाऊज तिच्याकडेच टाकते, आणि माप देताना कुठं बघावं ते मला कळत नाही.

अप्पांनी हळूहळू पिशवी खुंटीला टांगली. कधी एखादी मोटार, कधी इस्त्री, एवढंच काम उरलं. यंदाच्या आषाढात दुपारी जेवून उठताना छातीत कळ आली आणि तिथंच ते लिंगैक्य झाले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना मातीत बसवून आल्यावर माझ्या जिवाची जी तगमग सुरू झाली ती थांबेना. भांडी घासू, वह्या तपासू, कशात मन नाही. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता शांताकाकूच्या घरी जमलेल्या गल्लीसमोर सगळं सांगायचं. कड्याची मंडळी काय म्हणतील ते म्हणोत.

मी पोचले तर ओसरीत कड्याची मंडळीच बसली होती. सुवर्णा आणि तिच्या सासूबाई. मला वाटलं, आमच्याकडे आल्या असतील आणि रीत म्हणून इथं डोकावल्या असतील. त्या खास अप्पांसाठी आल्या होत्या. सुवर्णाच्या सासूबाईंनी शांताकाकूचे दोन्ही हात धरले होते आणि साऱ्या बायकांसमोर मोकळ्या आवाजात सांगत होत्या. "तुमच्या मालकांनी झरोका फोडला म्हणून माझी सून आन नात जित्या हायेत. सूनबाईनं घरी आल्या आल्या पहिल्या महिन्यातच आमाला समदं सांगितलं. विहिणबाईंना वाईट वाटंल म्हनून आमी कदी विषय काढला न्हाई."

पहिल्याच महिन्यात. म्हणजे मी ज्या घराच्या धाकानं गप्प बसले होते, ते घर त्या माणसाला दुवा देत होतं. रुक्मिणीचा हात भाजायच्या कितीतरी आधीपासून.

 सुवर्णा खाली मान घालून बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. विटा मी लावल्या, शिव्या मी दिल्या, खोटं माझ्यासमोर बोललं गेलं आणि मी ते खरं होऊ दिलं, तास संपायची वाट मी बघितली. रुक्मिणी दारापाशी बसली होती, तिनं पदराखाली हात घेतला. मी एकही गोष्ट गाळली नाही.

शांताकाकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मला त्येंनी समदं सांगितलं हुतं, बाई. दर सनासुदीला म्हनायचे, बाई येकदा येतील, चारचौघांत बोलतील. जरा दम धर."

आमच्या घरापासून अप्पांचं घर चारच दारांवर आहे.